माशाच्या पिल्लाच्या कानातला खडा आणि संप्रेरके : खान्देशातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनसचं (कॉमन कार्पचं) बोटभर पिल्लू कोणत्या दिवशी जन्मलं, कोणत्या आठवड्यात ते झपाट्यानं वाढलं आणि कधी त्याची वाढ अडखळली, याची नोंद त्याच्या कानातल्या खड्यात असते. या खड्याला शास्त्रात ऑटोलिथ म्हणतात. बरेच जण त्याला कानाचं हाड म्हणतात, पण ते हाड नव्हे. हाडात पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, गरज पडली की शरीर हाडातलं कॅल्शियम परत काढून घेतं. खड्याचं तसं होत नाही. तो कॅल्शियम कार्बोनेट आणि थोड्या प्रथिनांचा बनलेला असतो, कांद्याच्या पाकळ्यांसारखा थरावर थर चढत वाढतो आणि एकदा चढलेला थर सहसा पुन्हा विरघळत नाही. पिल्लू उपाशी राहिलं तरी मागची नोंद पुसली जात नाही, म्हणूनच ती वाचायची.

१९७१ साली जॉर्जियो पानेला या संशोधकानं दाखवून दिलं की या खड्यांवर वर्षाची वलयं तर असतातच, शिवाय रोजची वलयंही असतात. त्यानंतर जगभर लहान माशांचं वय दिवसांत मोजलं जाऊ लागलं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तापी, गिरणा, पांझरा, वाघूर आहेत, हतनूरसारखं धरण आहे, गावोगावी शेततळी झाली आहेत आणि प्राणिशास्त्र शिकणारी मुलंही भरपूर आहेत. हे काम इथे व्हायला हवं. त्याला लागणारी बरीचशी साधनं साध्या महाविद्यालयातही सापडतात.

हा लेख बी.एस्सी., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि मत्स्यबीज तयार करणाऱ्या जिज्ञासू शेतकऱ्यांसाठी आहे. पहिल्यापासून एक गोष्ट पक्की धरा : संप्रेरक (हॉर्मोन) थेट खड्यावर काम करत नाही. ते पिल्लाच्या रक्तातल्या कॅल्शियमवर, कानाच्या पिशवीच्या अस्तरावर आणि पिल्लाच्या एकंदर चयापचयावर काम करतं, आणि खड्यावर उमटतो तो त्याचा परिणाम. त्यामुळे खड्यावर दिसलेली प्रत्येक खूण एखाद्या संप्रेरकाच्या नावावर टाकता येत नाही. ते सिद्ध करायला प्रयोगाची मांडणी नीट लागते, आणि या लेखातला बराच भाग त्या मांडणीसाठीच आहे.

पहिली पायरी : कोणता खडा घ्यायचा

माशाच्या प्रत्येक कानात तीन खडे असतात : सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. समुद्री माशांवरची पुस्तकं वाचली तर सगळीकडे सॅजिटाच दिसेल, कारण त्या माशांत तो सर्वांत मोठा असतो. कार्प कुळात मात्र सॅजिटा सुईसारखा लांबट आणि ठिसूळ असतो, काढताना हमखास तुटतो. ॲस्टेरिस्कस मोठ्या माशात छान मोठा होतो, पण तो उशिरा तयार होतो, म्हणजे पिल्लाचे पहिले दिवस त्यात नसतात. शिवाय तो कॅल्शियम कार्बोनेटच्या व्हॅटेराइट या वेगळ्या स्फटिकरूपाचा असतो, तर बाकीचे दोन ॲरागोनाइटचे.

म्हणून रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांच्या पिल्लांत लॅपिलस घ्या. टिलापिया घेतलात तर सॅजिटा घ्या, त्या कुळात तो मोठा आणि वाचायला सोपा असतो. एका प्रयोगात एकच खडा, आणि शक्यतो एकाच बाजूचा. डावा ठरवला तर सगळ्यांचा डावा, आणि उजवा राखीव.

दुसरी पायरी : संप्रेरकं काय करतात ते आधी समजून घ्या

ही पायरी वगळून थेट टाक्या मांडायला घेऊ नका.

खडा कानातल्या एका द्रवात, एंडोलिम्फमध्ये असतो. त्या द्रवात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आणून सोडण्याचं काम पिशवीच्या अस्तरातल्या पेशी करतात. बायकार्बोनेट तयार होण्यात कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराचा (एन्झाइमचा) मोठा वाटा आहे. ते रोखणारं ॲसिटाझोलामाइड हे औषध दिलं की खड्यावर कॅल्शियम बसणं मंदावतं. त्याच पेशी ओटोलिनसारखी प्रथिनं सोडतात आणि त्या प्रथिनांच्या जाळीवर स्फटिक बसतात. चोवीस तासांत एकदा कॅल्शियमनं भरलेला रुंद पट्टा बसतो आणि एकदा प्रथिनांनी दाट झालेला अरुंद पट्टा. दोन्ही मिळून एक दिवस.

कॅल्शियम पिल्लाच्या अंगात मुख्यतः पाण्यातून, कल्ल्यांवाटे येतं. रक्तातलं कॅल्शियम वाढू लागलं की मूत्रपिंडाजवळच्या स्टॅनियस ग्रंथी स्टॅनिओकॅल्सिन सोडून कल्ल्यांमधून होणारी ओढ कमी करतात. मेंदूखालच्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीतलं प्रोलॅक्टिन उलट दिशेनं काम करतं. म्हणजे खड्याला किती कच्चा माल मिळेल हे ठरवणारी पहिली फळी ही.

दुसरी फळी वाढीची. पियुषिका ग्रंथी वाढ-संप्रेरक सोडते, त्याच्या इशाऱ्यावर यकृतात आयजीएफ-१ हे वाढ घडवणारं दुसरं संप्रेरक बनतं आणि शरीर वाढतं. जपानमधल्या यासुओ मुगिया यांनी गोल्डफिशची पियुषिका काढून टाकून खड्यांचा अभ्यास केला आणि त्यांची वाढ मंदावलेली आढळली. गोल्डफिश हा कार्प कुळातलाच, त्यामुळे आपल्या रोहू-मृगळासाठी हा पुरावा जवळचा आहे. पण ‘शरीर जास्त वाढलं म्हणजे खडाही तेवढाच वाढला’ असं समजू नका. खड्याची वाढ चयापचयाच्या वेगाशी जास्त बांधलेली दिसते, आणि हळू वाढलेल्या पिल्लाचा खडा त्याच लांबीच्या झपाट्यानं वाढलेल्या पिल्लापेक्षा मोठा भरतो. नवशिका निष्कर्ष काढताना इथेच अडतो, म्हणून पुढे मोजमापाच्या पायरीत यावर पुन्हा बोलू.

तिसरं थायरॉइडचं. थायरॉक्सिन आणि त्यापासून बनणारं टी-३ यांचा पिल्लाच्या रूपांतराशी घट्ट संबंध आहे. चपट्या माशांत तर डोळा एका बाजूला सरकण्याचा सगळा बदल थायरॉइडवर चालतो, आणि त्याच काळात खड्यावर वाढीची नवी केंद्रं दिसतात. सिंगापूरच्या टी. जे. लॅम यांनी १९८० मध्ये मोझांबिक टिलापियाच्या पिल्लांना थायरॉक्सिनच्या पाण्यात ठेवून त्यांचा विकास लवकर होतो हे दाखवलं. पिल्लाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी चालू होण्याआधीही आईकडून अंड्यात आलेलं थायरॉक्सिन आणि कॉर्टिसॉल त्याच्याकडे असतं. पिल्लं कोणत्या मादीची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

चौथं कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक. जाळी फिरली, ऑक्सिजन कमी झाला, पाणी एकदम तापलं की काही मिनिटांत ते वाढतं. स्टीव्हन कँपाना यांनी १९८३ मध्ये कोहो सॅमनवर केलेल्या कामात ताणाच्या काळात खड्यावर कॅल्शियम कमी बसलं आणि ठळक काळी रेघ उमटली. अशा रेघेला चेक म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा उथळ शेततळ्यातलं पाणी किती तापतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. अशा तळ्यातल्या पिल्लांच्या खड्यांत चेक दिसले तर आश्चर्य वाटायला नको.

पाचवं मेलाटोनिन, पिनिअल ग्रंथीचं, अंधारात वाढणारं. रोजच्या वलयाचा ताल दिवस-रात्रीशी जुळलेला असतो. टिलापियाच्या पिल्लांवर जपानमध्ये १९८१ मध्ये झालेल्या प्रयोगांत प्रकाशाची वेळ बदलल्यावर थर बसण्याची वेळही सरकली. त्यामुळे प्रयोगाच्या खोलीत रात्री कोणी तरी दिवा लावून अभ्यास करत बसणार असेल तर ती खोली बदला.

तिसरी पायरी : जन्मतारीख माहीत असलेली पिल्लं मिळवा

नदीतली पिल्लं पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. वय माहीत नसेल तर वलय खरंच रोजचं आहे की नाही हे तुम्हाला तपासता येणार नाही.

इथे बीज केंद्र कामाला येतं. १९५७ च्या १० जुलैला कटकमध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्पांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आता बहुतेक केंद्रांत अर्काऐवजी ओव्हाप्रिमसारखी तयार इंजेक्शनं वापरतात, ज्यात कृत्रिम जीएनआरएच (पियुषिकेला चालना देणारं संप्रेरक) आणि डॉम्पेरिडॉन (त्या कामातला अडसर दूर करणारं औषध) असतं. हे इंजेक्शन प्रजनक माशाला दिलं जातं, पिल्लाला नाही. पण त्यामुळे तुमची मोठी सोय होते : इंजेक्शनची वेळ, अंडी सोडल्याची वेळ आणि फुटल्याची वेळ केंद्राच्या वहीत असते. २७ ते २९ अंश तापमानात रोहूची अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटतात.

पावसाळा सुरू झाला की जवळच्या शासकीय मत्स्यबीज केंद्रात किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन आधीच बोलून ठेवा. तिथल्या दादांना स्पष्ट सांगा, ‘मला एकाच जोडीची, एकाच दिवशी फुटलेली मत्स्यजिरे (नुकतीच जन्मलेली पिल्लं) हवीत.’ एका जोडीची मिळाली नाहीत तर अनेक माद्यांची एकत्र मिसळलेली घ्या आणि सगळ्या टाक्यांत सारखी वाटा. एका टाकीत एका मादीची आणि दुसऱ्या टाकीत दुसरीची, असं होऊ देऊ नका.

टिलापिया आणणार असाल तर एक प्रश्न विचारल्याशिवाय पिशवी उचलू नका : ही एकलिंगी बीजं आहेत का? सगळे नर व्हावेत म्हणून अशा पिल्लांना तोंड उघडल्यापासून तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन दिलेलं असतं. त्यांच्या खड्याचे पहिले थर त्या संप्रेरकाखाली बसलेले असतात, त्यामुळे ती तुलनेच्या टाकीत चालणार नाहीत.

पिशवी ऑक्सिजन भरून, पहाटे आणा. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळू द्या, मगच पिल्लं सोडा.

चौथी पायरी : टाक्या

पहिल्या प्रयोगात संप्रेरक देऊ नका. हे ऐकून विद्यार्थी नाराज होतात, पण कारण साधं आहे. संप्रेरकाचा डोस, ते विरघळवायचं द्रावण आणि पिल्लांची सहनशक्ती या तिन्ही गोष्टी एकदम हाताळायच्या आणि त्यातच खडा काढायला शिकायचं, हे एका हंगामात होत नाही. त्याऐवजी पिल्लाच्या स्वतःच्या संप्रेरकांना हलवा. ताणाचा प्रयोग सर्वांत स्वच्छ.

किमान सहा टाक्या घ्या : तीन साध्या, तीन ताणाच्या. कोणती टाकी कोणत्या गटाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर खिडकीजवळच्या तीन टाक्या एका गटात जातील आणि ऊन हेच कारण होऊन बसेल. सगळ्यांत एकाच विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरा. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी गावागणिक कमीजास्त कठीण असतं आणि पाण्यातलं कॅल्शियम हाच तर खड्याचा कच्चा माल, म्हणून कठीणपणा एकदा तपासून लिहून ठेवा आणि प्रयोग संपेपर्यंत दुसऱ्या ठिकाणचं पाणी वापरू नका. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडू द्या.

प्रत्येक टाकीत पिल्लांची संख्या सारखी ठेवा. दिवसाची लांबी सारखी ठेवा, वाटल्यास टायमर लावा. तापमान सकाळी आणि दुपारी नोंदवा. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि सगळ्याच टाक्यांत ताण तयार होतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवा. वीज गेलेली तारीख आणि वेळही वहीत लिहा. नंतर खड्यावर सगळ्यांना एकाच दिवशी रेघ दिसली तर कारण तिथे सापडेल.

पिल्लाच्या पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतलं (बलकाचं) अन्न संपलं की, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवसापासून, बारीक प्लवंग द्या. तळ्यातलं पाणी बारीक जाळीतून गाळून मिळालेले सूक्ष्मजीव चालतात. पुढे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, कापडातून चाळून. उरलेलं खाद्य रोज काढून टाका.

पिल्लं स्थिर झाल्यावर ताणाच्या टाक्यांतली पिल्लं रोज ठरलेल्या वेळी मऊ जाळीत घेऊन काही क्षण पाण्याबाहेर धरा आणि परत सोडा. सगळी टाकी मरेल एवढा ताण नको. महाविद्यालयात काम करत असाल तर हे सुरू करण्याआधी प्राणी-नैतिकता समितीशी बोलून लेखी परवानगी घ्या.

पाचवी पायरी : खूण करा

वलय रोजचं आहे हे मानून चालू नका, तपासा. प्रयोगाच्या पहिल्या दिवशी पिल्लांना अलिझरीन रेड एस या रंगाच्या सौम्य द्रावणात काही तास ठेवलं की त्या दिवशीच्या थरात रंग बसतो. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली तो चमकतो. पुढे त्या रेघेपासून कडेपर्यंत किती वलयं आहेत आणि प्रत्यक्षात किती दिवस गेले, हे जुळवून पाहता येतं. अलिझरीन आम्लधर्मी असतं, द्रावणाचा सामू (पीएच) आधी सात-साडेसातच्या आसपास आणा, मगच पिल्लं सोडा. ही पिल्लं नंतर तळ्यात किंवा खाण्यासाठी सोडायची नाहीत.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक जवळ नसेल तर दुसरा मार्ग : जन्मापासून दर पाच दिवसांनी काही पिल्लं काढत राहा आणि आलेखात आडव्या अक्षावर खरं वय, उभ्या अक्षावर मोजलेली वलयं मांडा. रेघेचा उतार एकच्या जवळ आला तर वलय रोजचं. ती रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथून पहिलं वलय जन्मानंतर किती दिवसांनी पडलं हे कळतं.

सहावी पायरी : पिल्लं काढणं आणि साठवणं

पिल्लू लवंगाच्या तेलाच्या द्रावणात शांत करा. तेल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळा, ते थेट पाण्यात मिसळत नाही. लगेच लांबी आणि वजन घ्या, कारण अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर पिल्लू आक्रसतं.

फॉर्मेलिनमध्ये ठेवू नका. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळं काही फॉर्मेलिनमध्ये ठेवायची सवय असते, पण फॉर्मेलिन आम्लधर्मी होतं आणि खडा त्यात विरघळतो. महिन्याभरानं बाटली उघडाल तेव्हा मासा असेल, खडा नसेल. ९५ टक्के इथाइल अल्कोहोल वापरा आणि पहिल्या चोवीस तासांनंतर ते एकदा बदला. बाटलीत कागदी लेबल पेन्सिलीनं लिहून टाका, शाई पुसली जाते.

सातवी पायरी : खडा काढणं

पिल्लाचं डोकं काचपट्टीवर घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुयांनी कवटीचा वरचा भाग उघडा. अगदी लहान पिल्लांत डोळ्याच्या मागे, पारदर्शक त्वचेतूनच खडे दिसतात. मोठ्या पिल्लांत ते ऊतकांत हरवतात.

त्यासाठी एक उपाय सांगतो, त्याचा फार उपयोग होतो. महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर तिथे खडकांचे काप पाहायचा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असतो. दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावले की पार्श्वभूमी काळी होते आणि ऊतकांत लपलेला खडा लख्ख चमकतो. प्राणिशास्त्राच्या मुलांना शेजारच्या विभागात जायचा संकोच वाटतो, तसा बाळगू नका. तिथल्या सरांना पातळ काप घासण्याचं तंत्रही येतं.

काढलेल्या खड्याला चिकटलेलं ऊतक सौम्य ब्लीचच्या थेंबात काही मिनिटं ठेवून सोडवा, मग शुद्ध पाण्यात धुवा आणि कोरडा होऊ द्या. रंगहीन नेलपॉलिशचा थेंब काचपट्टीवर ठेवून त्यात खडा सपाट बाजू खाली करून बसवा. क्रिस्टलबाँड हा चिकटवायचा पदार्थ मिळाला तर उत्तम, तो गरम केला की मऊ होतो आणि खडा उलटता येतो.

लहान पिल्लाचा खडा बहुधा न घासताच वाचता येतो. घासावा लागला तर २००० नंबरच्या वॉटर पेपरवर, ओला करून, अगदी हलक्या हातानं. दर काही फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केंद्र दिसलं की थांबा. पुढे एक-दोन फेऱ्या जास्त झाल्या तर पहिल्या दिवसांची नोंद कायमची गेली.

आठवी पायरी : वाचणं आणि मोजणं

४०० पटीवर सुरू करा, अरुंद वलयांसाठी तेलाची १००० पटीची लेन्स लावा. केंद्राभोवती एक ठळक रेघ दिसेल, ती बहुधा अंडं फुटण्याच्या किंवा पहिल्यांदा खाण्याच्या सुमाराची. तिच्यापासून सर्वांत लांब त्रिज्येवर, कडेपर्यंत मोजा. मोबाईलचा कॅमेरा भिंगावर धरून काढलेला फोटोही मोजायला चालतो, मात्र मोजपट्टीची काच त्याच पटीत एकदा फोटोत घ्या.

मोजणाऱ्याला पिल्लू कोणत्या टाकीतलं हे माहीत नसावं. बाटल्यांवर तुमच्या मित्रानं सांकेतिक आकडे घालावेत आणि किल्ली स्वतःकडे ठेवावी. एकाच खड्याची दोन माणसांनी स्वतंत्र मोजणी करा. फार फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा, तरीही जुळत नसेल तर तो खडा बाजूला ठेवा.

ताणाच्या गटात तीन गोष्टी शोधा : ताण सुरू झाल्याच्या दिवशी चेक आहे का, त्यानंतरची वलयं अरुंद झाली का, आणि वलयांची संख्या दिवसांशी अजून जुळते का. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. खूप ताणात वलयं इतकी अरुंद होतात की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती वेगळी दिसतच नाहीत, आणि मोजणारा पिल्लाचं वय कमी धरतो.

आता मघाशी राहिलेला मुद्दा. दोन गटांतल्या खड्यांचा आकार नुसता शेजारी ठेवून तुलना करू नका. एका आलेखात पिल्लाची लांबी आणि खड्याची त्रिज्या दोन्ही गटांसाठी वेगळ्या चिन्हांनी मांडा आणि सारख्या लांबीची पिल्लं एकमेकांशी ताडून पाहा. ताणाच्या गटाची पिल्लं खुजी राहिली आणि त्यांचा खडा त्यांच्या लांबीच्या मानानं मोठा निघाला, तर शरीर आणि खडा यांच्यावर ताणाचा परिणाम सारखा झाला नाही, एवढंच म्हणता येईल. कॉर्टिसॉलचं नाव घ्यायचं असेल तर ते मोजावं लागेल. एवढ्याशा पिल्लातून रक्त निघत नाही, म्हणून अख्खं पिल्लू वाटून त्याच्या अर्कातलं कॉर्टिसॉल एलायझा या प्रतिपिंडं वापरणाऱ्या चाचणीनं मोजतात. त्यासाठी प्रत्येक टाकीतली काही पिल्लं ताणानंतर लगेच गोठवून ठेवा आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा जिथे ही सोय असेल तिथे आधी विचारून घ्या.

नववी पायरी : पुढच्या हंगामात संप्रेरक

खडे काढण्यात हात बसला आणि साध्या टाक्यांतल्या पिल्लांचं मोजलेलं वय खऱ्या वयाशी जुळू लागलं, तर थायरॉक्सिनचा प्रयोग करा. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडच्या अगदी सौम्य द्रावणात विरघळवून मग टाकीत सोडतात. म्हणून तीन प्रकारच्या टाक्या लागतात : नुसतं पाणी, पाणी आणि तेवढंच हायड्रॉक्साइड, आणि थायरॉक्सिनसह. मधली टाकी नसेल तर प्रयोग धरायचा नाही. डोस प्रकाशित कामांतून, तुमच्याच जातीच्या माशासाठीचा, घ्या आणि त्याहून कमी ठेवून आधी थोड्या पिल्लांवर पाहा. जास्त थायरॉक्सिननं पिल्लांचे कणे वाकतात, पर विकृत होतात आणि मग खड्यात जे दिसतं ते आजारी पिल्लाचं असतं.

वाढ-संप्रेरकाच्या मागे लागून पिल्लं झपाट्यानं वाढवण्याचे बेत असतील तर एक गोष्ट लक्षात असू द्या. शेतीतल्या सॅमनमध्ये वेगानं वाढणाऱ्या माशांचे सॅजिटा ॲरागोनाइटऐवजी व्हॅटेराइटचे बनलेले मोठ्या प्रमाणात आढळले आहेत, आणि अशा माशांना कमी ऐकू येतं. आपल्या कार्पांच्या झपाट्यानं वाढवलेल्या पिल्लांत लॅपिलस कसा आहे, हे खान्देशातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. व्हॅटेराइट साध्या प्रकाशात काचेसारखा पारदर्शक दिसतो, ॲरागोनाइट दुधाळ. एवढ्या फरकावरून प्राथमिक चाळणी करता येते.

नदीतल्या पिल्लांकडे यानंतर वळा. पकडल्याच्या तारखेतून वलयांची संख्या वजा केली, आणि पहिलं वलय जितक्या दिवसांनी पडतं तेवढे दिवस आणखी मागे गेलात, की जन्मतारीख मिळते. हतनूरचे दरवाजे उघडल्याच्या तारखा आणि तापीच्या पुराच्या तारखा तिच्याशेजारी मांडा. जाळी टाकायला स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी आणि तिथल्या भोई-कोळी बांधवांची सोबत घ्या. कोणत्या डोहात कोणत्या पंधरवड्यात पिल्लं येतात हे त्यांना ठाऊक असतं, आणि तुमच्या वहीत त्यांचं सांगणं तारखेसह लिहून ठेवा.

स्लाइड काचेच्या किंवा लाकडी पेटीत, सपाट, दमट हवेपासून दूर ठेवा. प्रत्येकीवर जात, टाकी, पकडल्याची तारीख, लांबी आणि खड्याची बाजू लिहा. राखीव ठेवलेला दुसऱ्या बाजूचा खडा कोरड्या छोट्या कुपीत, त्याच आकड्यानं.